आजार असताना परदेशी स्थलांतर: मेडिकलची तयारी अशी करा

शुगर आहे, कधीकाळी टीबी होऊन गेलाय, मुलीला ऑटिझम आहे, कॅन्सरचे उपचार संपून तीन वर्षं झालीत. अशा घरात परदेशी स्थायिक व्हायचा विषय निघाला की पहिली धास्ती मेडिकलची, म्हणजे व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीची असते. बरेचदा ती इतकी वाढते की अर्जच भरला जात नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण नियम नीट पाहिले तर यातल्या बऱ्याच जणांना वाट असते. दुसरीकडे काही जण ‘शुगर काय, सगळ्यांनाच असते’ म्हणून निर्धास्त राहतात आणि एका अर्धवट रिपोर्टपायी महिनोन्‌महिने अडकून पडतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवा. तपासणी करणारा डॉक्टर वेगळा आणि निर्णय घेणारा वेगळा. तुमचा बीपी मोजणारा डॉक्टर फक्त माहिती पुढे पाठवतो. निर्णय होतो तो इमिग्रेशन खात्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या टेबलावर, आणि तो अधिकारी तुम्हाला सहसा कधीच भेटत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त कागद. म्हणून सगळी तयारी त्या कागदांची करायची आहे: तुमची तब्येत आज जशी आहे तशी, पूर्णपणे, त्यांत उतरली पाहिजे.

पायरी १: ज्या देशात जायचंय तो देश नेमकं काय बघतो ते शोधा

ढोबळमानाने सरकारं तीन गोष्टी विचारतात. तुमच्यामुळे इतरांना संसर्ग होईल का? तुमच्या वागण्यामुळे कोणाच्या जिवाला धोका आहे का? आणि तुमच्या उपचारांचा सरकारी तिजोरीवर किती भार पडेल? पहिला प्रश्न बहुतेक सगळीकडे आहे. तिसरा मात्र काही देश अतिशय काटेकोरपणे विचारतात आणि काही विचारतच नाहीत. आजार तोच, माणूस तोच, पण देश बदलला की उत्तर बदलतं.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. ठरावीक देशांतून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी येणाऱ्यांना टीबीची तपासणी करावी लागते. पण तुमच्या आजारावर पुढे किती खर्च होईल याचा हिशोब व्हिसा देताना मांडला जात नाही. त्याऐवजी बहुतेकांकडून आरोग्य अधिभार घेतात. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पाउंड आणि विद्यार्थी व अठरा वर्षांखालच्यांना ७७६ पाउंड आहे. तो भरला की आधीपासूनच्या आजारांसकट एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे उपचार मिळतात. ज्यांचा आजार महागडा आहे त्यांनी हा फरक जरूर ध्यानात घ्यावा.

कॅनडात खर्चाचा हिशोब होतो. आरोग्य आणि समाजसेवांवर ‘अवाजवी भार’ पडेल असं वाटलं तर अर्ज नाकारता येतो. ही मर्यादा दरवर्षी बदलते. २०२५ साली ती वर्षाला २७,१६२ कॅनेडियन डॉलर, म्हणजे पाच वर्षांना १,३५,८१० डॉलर होती. २०१८ मध्ये कॅनडाने ही मर्यादा सरासरी दरडोई खर्चाच्या तिप्पट केली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवा हिशोबातून वगळल्या. दिव्यांग मुलांच्या आईवडिलांसाठी हा मोठा दिलासा होता. शिवाय तिथल्या नागरिकाने किंवा पीआरधारकाने (कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेल्याने) स्पॉन्सर केलेले पती-पत्नी, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं, तसंच निर्वासित, यांना खर्चाची अट लागूच होत नाही. त्यांच्यासाठी संसर्ग आणि सुरक्षितता एवढंच बघतात.

ऑस्ट्रेलिया याहून कडक आहे आणि तिथली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तिथली मर्यादा १ जुलै २०२४ पासून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. ती एका वर्षाची नाही. कायमच्या व्हिसासाठी साधारणपणे पाच वर्षांचा हिशोब धरतात, आणि आजार कायमस्वरूपी असेल तर तो दहा वर्षांपर्यंत नेऊ शकतात. दुसरं म्हणजे तिथे खर्च मोजतात तो ‘तुमच्यासारखाच आजार, तेवढ्याच तीव्रतेचा, असलेल्या काल्पनिक माणसाचा’. तुम्ही ती सेवा प्रत्यक्षात वापराल की नाही, तुमच्याकडे खासगी विमा आहे का, पैसे आहेत का, याला त्या मोजणीत स्थान नाही. ‘मी सगळा खर्च स्वतः करेन’ असं कितीही कळकळीने लिहिलं तरी आकडा हलत नाही. काही व्हिसांमध्ये, विशेषतः जोडीदार आणि मुलांच्या, आरोग्याची अट माफ करण्याची सोय असते. म्हणून ऑस्ट्रेलियाचा व्हिसा निवडताना ‘यात माफीची तरतूद आहे का’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा, फी भरल्यावर नाही.

न्यूझीलंडने आपली मर्यादा सप्टेंबर २०२२ मध्ये ४१,००० वरून ८१,००० न्यूझीलंड डॉलरवर नेली. तिथेही काहींना माफी मिळू शकते, पण डायलिसिस लागणाऱ्यांना किंवा पूर्णवेळ देखभालीची गरज असणाऱ्यांना नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये ठरावीक संसर्गजन्य आजार, आवश्यक लसी, घातक वर्तनाशी जोडलेले मानसिक आजार आणि अमली पदार्थांचं व्यसन हे मुद्दे असतात. एचआयव्ही तिथे ४ जानेवारी २०१० पासून अडथळा राहिलेला नाही. खर्चाचा ठरलेला आकडा अमेरिकेत नाही. पण ‘पब्लिक चार्ज’ नावाची वेगळी अट आहे: हा माणूस पुढे सरकारी मदतीवर जगेल का? तो निर्णय घेताना वय, शिक्षण, मालमत्ता यांच्याबरोबर आरोग्यही बघितलं जातं. म्हणून मोठा आजार असेल तर प्रायोजकाच्या उत्पन्नाचे आणि आरोग्यविम्याचे कागद भक्कम ठेवा.

जर्मनीत प्रश्न विम्याच्या दारात येतो. नोकरी करणाऱ्याला सक्तीच्या सरकारी विम्यात आजारामुळे नाकारता येत नाही. खासगी विमा कंपनी मात्र आरोग्याची प्रश्नावली भरून घेते, आणि जास्त हप्ता लावू शकते किंवा थेट नकारही देऊ शकते. जुना आजार असलेल्याने, पगार जास्त आहे म्हणून खासगी विम्याकडे वळण्याआधी हे नीट तपासावं. आखाती देशांचा मामला पूर्ण वेगळा आहे. तिथल्या कामाच्या व्हिसासाठी एचआयव्ही, हिपॅटायटिस आणि टीबीच्या चाचण्या होतात, आणि ‘अनफिट’ शिक्का बसला की स्पष्टीकरणाला फारशी जागा उरत नाही.

पायरी २: स्वतःच्या आजाराचा हिशोब स्वतः मांडा

आजाराच्या नावाला घाबरू नका, त्यावर दरवर्षी काय लागतं ते लिहून काढा. औषधं कोणती आणि किती, तपासण्या किती वेळा, तज्ज्ञ डॉक्टर वर्षातून किती वेळा, येत्या पाच वर्षांत शस्त्रक्रियेची शक्यता आहे का, घरी किंवा शाळेत मदतनीस लागतो का. यातल्या प्रत्येक गोष्टीचा त्या देशातला खर्च शोधा. आपल्याकडचा खर्च या हिशोबात काही कामाचा नाही.

असा कागद केला की चित्र स्पष्ट होतं. गोळ्यांवर नियंत्रणात असलेला मधुमेह, बीपी, थायरॉइड, सौम्य दमा हे खर्चाच्या मर्यादेच्या आसपासही सहसा जात नाहीत. डायलिसिस जवळपास नेहमीच ओलांडतं. मधल्या पट्ट्यात खरी लढत असते: संधिवात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) यांवरची बायोलॉजिक इंजेक्शनं, एचआयव्हीची औषधं, किडनी प्रत्यारोपणानंतरची देखभाल, नुकताच बरा झालेला कॅन्सर. या पट्ट्यात एका औषधाच्या निवडीनेही निकाल फिरू शकतो. तेच औषध जेनेरिक स्वरूपात मिळत असेल आणि डॉक्टरांच्या मते ते तुम्हाला चालत असेल, तर वार्षिक खर्चात प्रचंड फरक पडतो. पण फक्त व्हिसासाठी औषध बदलू नका. बदल करायचाच तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून, अर्जाच्या बऱ्याच आधी करा, म्हणजे नव्या औषधावर तब्येत स्थिर असल्याचे रिपोर्ट हातात येतील.

कॅन्सरच्या बाबतीत वेळेला फार किंमत आहे. उपचार संपून किती काळ लोटला आणि आजार परतण्याची शक्यता किती, यावर बरंच अवलंबून असतं. एखादं वर्ष थांबल्याने फाइल भक्कम होणार असेल तर थांबणं शहाणपणाचं. पण अर्जाला मिळणारे गुण वाढत्या वयामुळे कमी होणार असतील तर दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून ठरवा.

पायरी ३: घरातल्या प्रत्येकाची फाइल वेगळी

मुख्य अर्जदार ठणठणीत असून उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात ‘एक नापास तर सगळे नापास’ असा नियम आहे. २००८ मध्ये तिथल्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या एका जर्मन डॉक्टरच्या कुटुंबाला पीआर नाकारला गेला होता, कारण त्यांच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. देशभर निषेध झाला आणि शेवटी मंत्र्यांनी हस्तक्षेप करून परवानगी दिली. असा हस्तक्षेप सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, म्हणून मुलांच्या फाइलवर आईवडिलांच्या फाइलपेक्षा जास्त मेहनत घ्या.

बरोबर न येणाऱ्यांचं काय? कॅनडात पती, पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं तुमच्यासोबत येत नसली तरी त्यांची नावं द्यावी लागतात आणि मेडिकलही करावं लागतं. जे मूल लपवलं किंवा तपासणीला पाठवलं नाही, त्याला पुढे स्पॉन्सर करण्याचा दरवाजा बंद होऊ शकतो. ‘आजारी मुलाला आत्ता दाखवू नको, नंतर बोलावून घेऊ’ असा सल्ला कोणी दिला तर त्या माणसापासून लांब राहा.

पायरी ४: डॉक्टरांचं पत्र

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक पत्रं अशी येतात: ‘सदर रुग्णास मधुमेह असून उपचार सुरू आहेत. प्रकृती ठीक आहे.’ यातून वैद्यकीय अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. मग तो आणखी रिपोर्ट मागवतो, आणि त्यात महिने जातात.

कामाचं पत्र असं असतं: ‘रुग्ण ४६ वर्षांची असून २०१७ पासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. इन्सुलिन कधीही लागलेलं नाही. गेल्या तीन एचबीएवनसी चाचण्या ६.८, ६.६ आणि ६.७ टक्के. क्रिएटिनिन सामान्य, लघवीत प्रथिनं नाहीत. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी याच वर्षी झाली, दोष नाही. आजारामुळे कधी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं नाही. पूर्णवेळ काम करते. पुढील पाच वर्षांत वर्षातून दोनदा तपासणी आणि हीच औषधं पुरेशी ठरतील असा अंदाज आहे.’

फरक बघा. निदानाची तारीख, औषधाचं जेनेरिक नाव आणि मात्रा, आकड्यांचा कल, शरीरावर काय झालं आणि काय झालं नाही, माणूस काम करतो का, आणि पुढच्या पाच वर्षांचा अंदाज. शेवटचं वाक्य तर डॉक्टरांकडून आवर्जून मागून घ्या, कारण हिशोब बहुतेक वेळा पाच वर्षांचाच असतो आणि तेच वाक्य हटकून राहून जातं. पत्र लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक, सही आणि तारखेसह हवं. शक्यतो तज्ज्ञाचं हवं आणि अलीकडचं हवं. ज्या भाषेत अर्ज आहे तीत नसेल तर अधिकृत भाषांतर जोडा.

मानसिक आजारांचं पत्र लिहिताना डॉक्टर कधीकधी दयेपोटी गोलमोल भाषा वापरतात. त्याने नुकसान होतं. नैराश्य आहे, औषध चालू आहे, इतक्या वर्षांत स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा प्रसंग आलेला नाही, नोकरी नियमित आहे, असं स्वच्छ लिहिलेलं पत्रच अधिकाऱ्याचा मुख्य प्रश्न निकाली काढतं.

मुलांच्या बाबतीत जुनं निदानपत्र एकटं देऊ नका. तीन वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलेला अहवाल सात वर्षांच्या मुलावर अन्याय करतो. मूल आता स्वतः जेवतं का, बोलतं का, सर्वसाधारण वर्गात बसतं का, हे सांगणारा ताजा अहवाल थेरपिस्ट आणि शाळा दोघांकडून घ्या.

पायरी ५: फॉर्मवर खरं लिहा

आजार लपवणं हा आजारापेक्षा मोठा गुन्हा ठरतो. खोटी माहिती दिली किंवा महत्त्वाची दडवली तर कॅनडात पाच वर्षांची बंदी येते, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची, आणि अमेरिकेत जाणूनबुजून फसवणूक सिद्ध झाली तर ती कायमची असू शकते. एक्स-रेवरचा व्रण, पोटावरचा टाका, लघवीतली साखर या गोष्टी तपासणीत दिसतातच. ज्या आजारावर सहज मंजुरी मिळाली असती, तो लपवल्यामुळे अर्ज बुडणं याहून दुर्दैवी काही नाही.

पायरी ६: तपासणीचा दिवस

तुमचा नेहमीचा डॉक्टर इथे चालत नाही. त्या देशाने नेमलेल्या पॅनेलवरच्या डॉक्टरकडेच जावं लागतं. कॅनडात एक्सप्रेस एन्ट्रीच्या (कुशल कामगारांना गुणांवर निवडणाऱ्या योजनेच्या) अर्जदारांना २१ ऑगस्ट २०२५ पासून मेडिकल अर्जाच्या आधीच करून जोडावं लागतं, म्हणून वेळ लवकर घ्या. कॅनडाच्या मेडिकलची मुदत बारा महिने, ब्रिटनच्या टीबी प्रमाणपत्राची सहा.

पासपोर्ट, चष्मा, चालू औषधांची यादी, वरचं पत्र आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्म बरोबर ठेवा. मासिक पाळीच्या दिवसांत जाऊ नका; लघवीत रक्त दिसलं की चाचणी पुन्हा करावी लागते आणि विनाकारण किडनीचा संशय येतो. बीपीची गोळी त्या दिवशी चुकवू नका. धास्तीने आकडा वर गेला तर डॉक्टर थोडं थांबून पुन्हा मोजतात, तेव्हा घरी मोजलेल्या नोंदी दाखवता आल्या तर मदत होते. गरोदर असाल तर एक्स-रेच्या आधी सांगा, पर्याय असतात.

टीबी होऊन गेला असेल तर

एक्स-रेवर जुना डाग दिसला की पूर्ण बरं झालेल्या माणसालाही थुंकीचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी सकाळी द्यावे लागतात. त्यांच्या कल्चरचा (प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते बघणाऱ्या चाचणीचा) निकाल यायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात, आणि तोवर फाइल थांबते. हे नकाराचं लक्षण नाही. राजीनामा देणं, घर सोडणं, तिकीट काढणं मात्र त्याआधी करू नका. जुन्या उपचारांचा कागद, म्हणजे कोणती औषधं, किती महिने, कोर्स पूर्ण केल्याची नोंद, हाताशी असेल तर पुढचं सोपं जातं. तो कागद हरवला असेल तर जिथे उपचार घेतले तिथे आजच अर्ज करा. सक्रिय टीबी निघाला तर आधी उपचार पूर्ण करावे लागतात, साध्या टीबीला साधारण सहा महिने, आणि मग अर्ज पुढे सरकतो.

पायरी ७: ‘तुमचा अर्ज नाकारण्याचा विचार आहे’ असं पत्र आलं तर

हे पत्र म्हणजे नकार नव्हे, हे आधी स्वतःला आणि घरच्यांना सांगा. कॅनडात उत्तरासाठी साधारणपणे नव्वद दिवस देतात आणि कारण सांगितलं तर मुदतवाढ मागता येते. पत्रात कोणत्या सेवा आणि कोणती रक्कम धरली आहे ते ओळ न्‌ ओळ तपासा. मागवलेले रिपोर्ट जुने होते का? जेनेरिकऐवजी महाग औषधाची किंमत धरली आहे का? जी सेवा तुम्हाला लागतच नाही ती मोजली आहे का? प्रत्येक मुद्द्यावर तज्ज्ञाचं नवं पत्र लावा.

कॅनडात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन कुटुंबांच्या प्रकरणांत सांगितलं की अधिकाऱ्याने त्या विशिष्ट कुटुंबाची परिस्थिती बघूनच अंदाज बांधला पाहिजे. त्यामुळे तिथे खर्च कमी करण्याची योजना मांडता येते: नोकरीच्या ठिकाणचा औषधविमा, स्वस्त पर्यायी औषध, कुटुंबाकडून होणारी देखभाल. डायलिसिससारख्या रुग्णालयात सरकारी खर्चानेच होणाऱ्या उपचारांसाठी मात्र ‘मी पैसे भरेन’ हे वचन चालत नाही. अशी वेळ आली तर परवानाधारक वकिलाचा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. बाकी अर्ज स्वतः भरता येतो, हे उत्तर एकट्याने लिहू नये. ऑस्ट्रेलियात माफीची सोय असेल तर तिथल्या नातलगांचं हित, तुमच्या कौशल्याची गरज, मुलांची परिस्थिती यांचे पुरावे लागतात. भावनेने लिहिलेल्या पत्राबरोबर कागद हवेत.

पायरी ८: मंजुरीनंतर

काही जणांना अटीसह मंजुरी मिळते. ऑस्ट्रेलियाचं आरोग्य हमीपत्र सही केलं असेल तर पोहोचल्यापासून २८ दिवसांत सांगितलेल्या ठिकाणी संपर्क करावा लागतो. कॅनडात टीबीच्या देखरेखीची अट असेल तर साधारणपणे ३० दिवसांत तिथल्या सार्वजनिक आरोग्य विभागाला कळवावं लागतं.

सरकारी आरोग्यसेवा सगळीकडे पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही, कॅनडाच्या काही प्रांतांत प्रतीक्षाकाळ असतो. मधल्या काळासाठी विमा घेताना आधीचे आजार त्यात आहेत की वगळलेत ते अटींत वाचा. नुसत्या एजंटच्या शब्दावर जाऊ नका. अमेरिकेत २०१४ पासून नियमित आरोग्यविमा आधीच्या आजारामुळे नाकारता येत नाही, पण प्रवासी आणि अल्पमुदतीच्या योजनांना तो नियम नाही.

औषधांचा पुरेसा साठा, जेनेरिक नाव लिहिलेली चिठ्ठी आणि मूळ वेष्टन हातातल्या बॅगेत ठेवा. झोपेच्या, वेदनाशामक किंवा एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलता) गोळ्या असतील तर त्या देशात त्या चालतात का आणि किती आणता येतात हे निघण्याआधी तपासा. जपानमध्ये काही उत्तेजक औषधांना पूर्ण बंदी आहे. उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच तिथल्या डॉक्टरकडे नाव नोंदवा आणि पायरी चारमधलं पत्र त्यांना द्या. तज्ज्ञाची वेळ मिळायला तिथे आठवडे लागू शकतात, तेव्हा साठा संपायची वाट न बघता चिठ्ठी आधीच करून घ्या.